टेक्सासचा हँडगन परवाना: बदलता कायदा वाचावा कसा आणि त्यात आपले म्हणणे मांडावे कसे

टेक्सासमध्ये हँडगन जवळ बाळगण्याविषयीचा कायदा जवळजवळ दर दोन वर्षांनी थोडा तरी बदलतो, आणि इथल्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांना तो बदल कुणीतरी पुढे ढकललेल्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपातून कळतो. निरोप लिहिणाऱ्याने विधेयकाचा पहिला मसुदा वाचलेला असतो, संमत झालेला नव्हे. किंवा त्याने काहीच वाचलेले नसते. ज्या विषयात चुकीच्या दारातून आत गेल्यावर गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो, त्या विषयात ही सवय परवडणारी नाही. म्हणून हा कायदा स्वतः कसा वाचावा, तो कुठे आणि केव्हा बदलतो, आणि बदलाच्या बाजूने किंवा विरोधात आपले मत राज्याच्या राजधानीपर्यंत, म्हणजे ऑस्टिनपर्यंत, कसे पोहोचवावे, हे इथे क्रमाने मांडत आहे. मी स्वतः परवानाधारक आहे आणि परवान्यामागचे प्रशिक्षण टिकले पाहिजे असे मानणाऱ्यांपैकी आहे. माझे हे मत पुढेही दिसेल, पण ज्यांचे मत उलट आहे त्यांनाही मार्ग हाच आहे. हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

आधी स्वतःचा दर्जा तपासा

पिस्तूल घ्यावे की नाही, परवाना काढावा की नाही, हे प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न हा की, अमेरिकेत आपण कोणत्या कागदावर राहतो. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास मनाई आहे, आणि एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर हे सगळे व्हिसा त्याच गटात मोडतात. मालकी आपली नसली, मित्राचे पिस्तूल शूटिंग रेंजवर दोन मिनिटे हातात धरले, तरी त्याला कायद्याच्या दृष्टीने बाळगणेच म्हणतात. आपल्यातली कितीतरी तरुण मुले-मुली शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन हौसेने फोटो काढतात आणि समाजमाध्यमावर टाकतात; त्यांना हे कुणी सांगितलेलेच नसते. या मनाईला अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत माहीत असलेला म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे. परंतु अपवादाच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे, कारण २०२२ च्या जूनमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली आहे आणि बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे देशाबाहेर काढले जाण्याचे स्वतंत्र कारण आहे. ग्रीन कार्ड अर्ज प्रलंबित असताना अजून एच-वन-बीवरच असलेल्यांनी स्वतःला ग्रीन कार्डधारक समजू नये. ग्रीन कार्ड हातात आलेल्यांना आणि नागरिकांना ही विशिष्ट मनाई लागू होत नाही.

घरात एक जण नागरिक आणि दुसरा एच-फोरवर असेल, तर पिस्तुलाची तिजोरी आणि तिची किल्ली कुणाच्या ताब्यात असावी, हाही प्रश्न वकिलासमोर ठेवण्याजोगा आहे.

कायदा आजच्या रूपात कसा आला

कलमे वाचण्याआधी त्यांचा इतिहास थोडा माहीत असावा, कारण टेक्सासचा हा कायदा थरांवर थर चढत तयार झाला आहे आणि थर ओळखता आले की कलमे समजायला सोपी जातात. बंदुकांचे राज्य म्हणून टेक्सासची ख्याती असली, तरी १८७१ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, सामान्य माणसाला अंगावर पिस्तूल घेऊन हिंडण्यास इथे बंदी होती. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या लूबीज या उपाहारगृहात एका माणसाने २३ जणांना ठार केले. त्या दिवशी सुझाना हप आपल्या आईवडिलांसोबत तिथे जेवायला बसल्या होत्या; त्यांचे पिस्तूल मात्र बाहेर मोटारीत होते, कारण पर्समध्ये ठेवणे बेकायदा होते. दोन्ही पालक गेले. त्यानंतर हप यांनी ठिकठिकाणच्या विधिमंडळ समित्यांसमोर जाऊन साक्षी दिल्या आणि १९९६ साली त्या स्वतः टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या. १९९३ साली या प्रश्नावर जनतेचा कौल घेण्याचे विधेयक संमत झाले होते, पण गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत त्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडून पराभूत झाल्या, आणि १९९५ साली सेनेटर जेरी पॅटरसन यांचे एसबी ६० हे विधेयक बुश यांच्या सहीने कायदा झाले (एसबी म्हणजे सेनेटमध्ये मांडलेले विधेयक, एचबी म्हणजे प्रतिनिधिगृहात मांडलेले). १ जानेवारी १९९६ पासून लपवून पिस्तूल बाळगण्याचे परवाने अमलात आले.

पुढचे थर थोडक्यात असे आहेत. २०१३ मध्ये प्रशिक्षणाचे तास दहा ते पंधरा होते ते चार ते सहावर आले. २०१५ मध्ये एचबी ९१० ने परवानाधारकांना म्यानातले पिस्तूल उघडपणे लावण्याची मुभा दिली, आणि एसबी ११ ने विद्यापीठांच्या इमारतींत परवानाधारकांना लपवून बाळगण्याची वाट उघडली. हा दुसरा कायदा १ ऑगस्ट २०१६ रोजी लागू झाला, म्हणजे ऑस्टिनच्या विद्यापीठ मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला बरोबर ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी. २०१७ मध्ये परवान्याचे शुल्क १४० डॉलरवरून ४० वर आले. २०१९ मध्ये प्रार्थनास्थळांविषयीची संदिग्धता एसबी ५३५ ने काढून टाकली. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून, एचबी १९२७ अन्वये, ज्याला कायद्याने पिस्तूल बाळगण्यास मनाई नाही अशा २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवायच ते जवळ ठेवता येऊ लागले.

इथे एक प्रसंग सांगणे भाग आहे. २०२२ साली परवान्याच्या नूतनीकरणाआधी उजळणी म्हणून मी एका खासगी वर्गाला बसलो होतो. तिथे वाटलेल्या छापील पत्रकात मनाई असलेल्या ठिकाणांची यादी दंडसंहितेच्या कलम ४६.०३५ खाली दिली होती. एचबी १९२७ ने त्या यादीतली ठिकाणे ४६.०३ मध्ये हलवली होती, काही ठिकाणांचे नियमही त्या ओघात बदलले होते, आणि वर्गातल्या वीस-पंचवीस माणसांपैकी कुणालाही शंका आली नाही. पैसे घेऊन शिकवणाऱ्याचे पत्रक एक वर्ष जुने असू शकते, तर पुढे ढकललेल्या निरोपाची काय कथा. त्या दिवसापासून मी मूळ संहिता राज्याच्या संकेतस्थळावर वाचतो आणि कलमाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली दुरुस्त्यांची वर्षे आधी पाहतो. ती ओळ म्हणजे त्या कलमाची जन्मपत्रिका असते.

कोणती कलमे वाचावीत

दोन ठिकाणे पुरेशी आहेत. दंडसंहितेचे प्रकरण ४६ बेकायदा बाळगणे म्हणजे काय आणि कुठे मनाई आहे ते सांगते. शासन संहितेच्या प्रकरण ४११ चा एच हा उपविभाग परवान्याची पात्रता, प्रशिक्षण, मुदत आणि रद्द होण्याची कारणे सांगतो. यांना जोडून दंडसंहितेतली ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ ही तीन कलमे वाचावीत, कारण दुकानांच्या काचेवर चिकटवलेल्या पाट्यांचा अर्थ त्यांत आहे.

पाट्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण रोजच्या जगण्यात कायदा भेटतो तो तिथेच. ३०.०६ ची पाटी परवानाधारकाला लपवलेले पिस्तूल घेऊन आत येण्यास मना करते, ३०.०७ ची पाटी उघडे पिस्तूल घेऊन येण्यास मना करते, आणि ३०.०५ ची पाटी २०२१ नंतर परवान्याशिवाय बाळगणाऱ्यांसाठी आली. एखाद्या दवाखान्याच्या किंवा किराणा दुकानाच्या दारावर तिन्ही पाट्या एकाखाली एक दिसतात ते उगाच नव्हे. पाटीवरचा मजकूर कायद्यात शब्दशः दिलेला आहे, तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत असावा लागतो, पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या रंगात असावा लागतो आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची असावी लागतात. म्हणूनच या पाट्या एवढ्या मोठ्या आणि एवढ्या कुरूप असतात. आडवी रेघ मारलेल्या पिस्तुलाचे छोटे चित्र म्हणजे ३०.०६ ची पाटी नव्हे, तरी मालकाची इच्छा कळल्यावर आत न जाणे हेच शहाणपणाचे. पाटी असूनही नजरचुकीने आत गेल्यास गुन्हा सहसा २०० डॉलरपर्यंतच्या दंडाचा असतो. पण मालकाने किंवा नोकराने तोंडी बाहेर जायला सांगितल्यावर तिथेच थांबल्यास तो वरच्या वर्गाचा गुन्हा होतो. कुणी सांगितले तर वाद न घालता निघावे. वादाची जागा समितीची खोली आहे, दुकानाचा गल्ला नव्हे. लाल आकड्यात ५१ टक्के लिहिलेली पाटी याहून निराळी आहे: जिथे अर्ध्याहून अधिक उत्पन्न तिथेच पिण्याच्या मद्यातून येते अशा बारमध्ये ती असते, आणि तिथे पिस्तूल नेणे ४६.०३ खाली येते.

आपल्या मंडळांसाठी कलम ४६.०३ मधली शाळेची तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, नाटकाचा प्रयोग असे कितीतरी कार्यक्रम आपण हायस्कूलचे सभागृह भाड्याने घेऊन करतो, आणि रविवारची मराठी शाळाही अनेकदा शाळेच्याच वर्गखोल्यांत भरते. कार्यक्रम आपला असला तरी इमारत शाळेची असते, आणि शाळेच्या लेखी परवानगीशिवाय वा नियमाशिवाय तिथे पिस्तूल नेणे हा टेक्सासमध्ये तृतीय श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे, ज्याला दोन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. परवाना असला तरीही. आमच्या मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले होते, "देवळात चालते, मग इथे का नाही?" प्रश्न रास्त होता. प्रार्थनास्थळात एसबी ५३५ नंतर आपोआप बंदी नाही. देवस्थानाच्या विश्वस्तांनी बंदी हवी असल्यास पाटी लावायची किंवा तसे कळवायचे असते. तो कायदा सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये ५ नोव्हेंबर २०१७ रोजी २६ जणांचा जीव गेल्यानंतर झाला. म्हणून मंदिराच्या समितीने आपला निर्णय ठरावात लिहून ठेवावा आणि पाटी लावायची तर कायद्याच्या मापाचीच लावावी. निर्णय कोणताही असो, तो घेतलेला असावा.

परवाना आता ऐच्छिक असताना काढावा का

काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यापीठाच्या इमारतींत लपवून बाळगण्याची मुभा केवळ परवानाधारकांना आहे. केंद्रीय कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यास बंदी घातली आहे, आणि शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने दिलेला परवाना हा त्या बंदीला अपवाद आहे. कोणत्याही उपनगरातून मोटारीने जाताना आपण किती शाळांच्या इतक्या जवळून जातो याचा विचार केला, तर या एका कारणासाठीही ४० डॉलर जास्त नाहीत. इतर अनेक राज्ये टेक्सासचा परवाना मानतात. शिवाय दुकानातून बंदूक घेताना परवानाधारकाची पार्श्वभूमी तपासणी आधीच झालेली मानली जाते.

प्रक्रिया अवघड नाही. सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे ऑनलाइन अर्ज करावा, बोटांचे ठसे द्यावेत, चार ते सहा तासांचा वर्ग करावा, लेखी परीक्षा द्यावी आणि नेमबाजीची चाचणी द्यावी. चाचणीत ५० गोळ्या असतात: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. एकूण २५० गुणांपैकी १७५ मिळाले की उत्तीर्ण. पहिला परवाना साधारण चार वर्षांचा आणि नूतनीकरणानंतरचा पाच वर्षांचा असतो. पिस्तूल जवळ असताना पोलिसाने ओळखपत्र मागितले, तर चालक परवान्यासोबत हा परवानाही दाखवावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत आणि काय कुठे आहे ते आधी शब्दांत सांगून मगच हात हलवावा.

२०२१ मध्ये परवान्याची सक्ती गेली, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत पोलीस अधिकारी होते आणि परवान्याचे वर्ग घेणारे प्रशिक्षकही होते. मला त्यांचे म्हणणे पटले होते आणि आजही पटते. १५ यार्डांवरून लक्ष्याचा कागद किती लहान दिसतो आणि हाताचा थरकाप किती मोठा वाटतो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला कळते की, गर्दीत पिस्तूल काढण्याचा विचार किती जबाबदारीने करावा लागतो. तो अनुभव कायद्याने सक्तीचा होता, आता नाही.

राज्याची सीमा ओलांडताना

परवाना राज्याचा असतो, देशाचा नसतो. न्यू जर्सी दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि इलिनॉय ही राज्येही टेक्सासचा परवाना मानत नाहीत. २०१३ साली पेनसिल्व्हेनियाचा वैध परवाना असलेल्या एका आईला, वाहतूक पोलिसाला स्वतःहून पिस्तुलाची माहिती दिल्यावर, न्यू जर्सीत अटक झाली. कित्येक महिने तुरुंगाची टांगती तलवार राहिली आणि २०१५ मध्ये गव्हर्नरांच्या माफीने ती सुटली. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या नातेवाइकांकडे मोटारीने जाणाऱ्या टेक्सासच्या कुटुंबाने ही घटना लक्षात ठेवावी. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा राज्यातून केवळ पुढे जायचे असेल, आणि दोन्ही टोकांना आपले बाळगणे वैध असेल, तर पिस्तूल गोळ्या काढून, हाताशी येणार नाही अशा जागी, डिकीत कुलूपबंद ठेवून जाता येते. मुक्कामाला हे संरक्षण पुरत नाही.

२३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कची 'योग्य कारण दाखवा, मग परवाना देऊ' ही शतकाहून जुनी पद्धत घटनाबाह्य ठरवली. त्याने देशभर एकच परवाना झाला, असा गैरसमज बराच पसरला. प्रत्यक्षात न्यूयॉर्कने त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून १६ तासांचे वर्ग, दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव आणि मनाई असलेल्या ठिकाणांची लांबलचक यादी लागू केली, आणि त्यावर न्यायालयीन झगडा सुरू झाला. सर्व राज्यांनी एकमेकांचे परवाने मानावेत असे विधेयक प्रतिनिधिगृहाने ६ डिसेंबर २०१७ रोजी २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले होते. सेनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

भारतात जाताना तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. रेंजवर नेलेली पाठपिशवी विमानप्रवासाला कधीही वापरू नये. अस्तराच्या शिवणीत किंवा बाजूच्या खिशात अडकलेले एक जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या तपासणीत सापडले, की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस जवळ असल्याची जाणीवच नव्हती हे दाखवता आले, तर उच्च न्यायालये असे गुन्हे रद्द करत आली आहेत. पण तोवर परतीचे विमान, नोकरी आणि वकिलाची फी यांचे जे व्हायचे ते होऊन जाते. रेंजची पिशवी वेगळ्या रंगाची घ्यावी आणि ती माडीवर चढवू नये, गॅरेजमध्येच ठेवावी.

ऑस्टिनमध्ये बदल कसा होतो

टेक्सासचे विधिमंडळ विषम वर्षांत, जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारपासून १४० दिवस भरते. २०२७ चे अधिवेशन या नियमाने १२ जानेवारीला सुरू होते, विधेयके मांडण्याची सर्वसाधारण मुदत साठाव्या दिवशी म्हणजे १२ मार्चला संपते आणि ३१ मे हा शेवटचा दिवस ठरतो. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतरच्या सोमवारपासून विधेयके आधीच दाखल होऊ लागतात. तेव्हाच कामाला लागावे. मार्चमध्ये जागे होणाऱ्याला उशीर झालेला असतो.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मोफत खाते उघडून आपल्या विषयाच्या विधेयकांवर सूचना लावता येते. मसुदा उघडला की अधोरेखित शब्द म्हणजे नवी भर आणि काट मारलेले शब्द म्हणजे वगळलेला मजकूर. एकाच विधेयकाच्या अनेक आवृत्त्या असतात: मांडलेली, समितीने सुधारलेली, एका सभागृहाने संमत केलेली आणि दोन्ही सभागृहांनी संमत केलेली अंतिम. निरोपांतला गोंधळ बहुधा इथे सुरू होतो, म्हणून चर्चा करताना आपण कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहोत ते सांगावे.

मतांची बेरीज कळण्यासाठी सेनेटचा एक नियम माहीत असावा. ३१ सदस्यांच्या सेनेटमध्ये विधेयक चर्चेला घेण्यासाठी अनेक दशके दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागत असे. २०१५ च्या जानेवारीत ते प्रमाण तीन-पंचमांश, म्हणजे १९, केले गेले आणि त्याच अधिवेशनात उघडे पिस्तूल व विद्यापीठांविषयीची विधेयके पार झाली. २०२१ मध्ये ते आणखी कमी करून १८ केले गेले, आणि ५ मे २०२१ रोजी एचबी १९२७ सेनेटमध्ये १८ विरुद्ध १३ मतांनी संमत झाले. बंदुकीच्या कायद्याचे भवितव्य त्या दोन्ही वर्षी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यातल्या नियमांच्या ठरावाने बरेचसे ठरले होते, आणि त्या दिवशी प्रेक्षकसज्जात फारसे कुणी नसते.

साक्ष देण्यासाठी वकील असण्याची गरज नाही, नागरिक असण्याचीही नाही. एच-वन-बीवरचा माणूस समितीसमोर बोलू शकतो, आमदाराच्या कार्यालयाला पत्र लिहू शकतो. परंतु नागरिक वा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला कोणत्याही उमेदवाराच्या प्रचाराला एक डॉलरही देता येत नाही, आणि ग्रीन कार्डधारकाने मतदार नोंदणीच्या कागदावर चुकूनही सही करू नये. दोन्हींचे परिणाम फार गंभीर आहेत.

सुनावणीची सूचना प्रतिनिधिगृहात साधारण पाच दिवस आधी लागते, सेनेटमध्ये त्याहूनही कमी वेळ मिळतो. प्रतिनिधिगृहाच्या सुनावणीसाठी कॅपिटल या विधिमंडळाच्या इमारतीतल्या यंत्रावर त्याच दिवशी नाव नोंदवावे लागते आणि बाजूने, विरोधात, की केवळ विषयावर, हे निवडावे लागते. बोलायला दोन किंवा तीन मिनिटे मिळतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी आठला नाव दिले आणि माझी पाळी सायंकाळी सातनंतर आली. दुपारी कॅन्टीनच्या रांगेत उभे असताना नाव पुकारले जाईल या भीतीने मी डबा खोलीबाहेरच्या बाकावर उघडला. शेजारी बसलेल्या आजी उलट बाजूने बोलायला आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडून थालीपीठ घेतले आणि मला सांगितले की, घरून लिहून आणलेल्या दोन पानांपैकी पहिलेच पान वाचून होईल, तेव्हा महत्त्वाचे वाक्य वर आणा. हा सल्ला मी आता प्रत्येकाला देतो.

त्या वाक्यात विधेयकाचा क्रमांक, कलम आणि नेमका बदल असावा. 'बंदुकांमुळे समाज बिघडतो' किंवा 'हक्क हिरावू नका' ही वाक्ये आमदारांनी हजार वेळा ऐकलेली असतात आणि त्यांवर ते काही लिहून घेत नाहीत. 'कलम ४६.०३ च्या अमुक उपकलमात भाड्याने दिलेल्या शाळेच्या सभागृहाचा स्पष्ट उल्लेख करा, कारण आमच्या मंडळाचे तीनशे लोक दर सप्टेंबरला तिथे जमतात' असे म्हटले, की समितीतला कुणीतरी मान वर करून प्रश्न विचारतो. स्वतःच्या जीवनातली एकच घटना सांगावी. दुसऱ्याच्या दुःखाची घटना त्याच्या परवानगीशिवाय वापरू नये. लेखी प्रती सोबत न्याव्यात, आणि जाता येत नसेल तर प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर लेखी मत नोंदवावे. टेक्सास स्टेट रायफल असोसिएशन बंदूक बाळगण्याच्या हक्काच्या बाजूने आणि टेक्सास गन सेन्स निर्बंधांच्या बाजूने, अशा संघटनांची अनुभवी माणसे सुनावण्यांना येतात. आपण ज्या बाजूचे असू त्या बाजूच्या माणसांना भेटून कोणता सदस्य काठावर आहे ते विचारावे.

तारखा किती निर्दय असतात याचे उदाहरण २०२३ चे आहे. टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ रोजी झालेल्या गोळीबारात मुले गमावलेल्या पालकांनी अर्धस्वयंचलित रायफल घेण्याचे वय १८ वरून २१ करावे यासाठी एचबी २७४४ च्या सुनावणीत रात्री उशिरापर्यंत ताटकळत साक्षी दिल्या. त्यानंतर विधेयक समितीत पडून राहिले. ६ मे २०२३ रोजी डॅलसजवळच्या ॲलनमधल्या मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यांत भारतातून आलेली एक तरुण अभियंता होती. तिथे आपल्यापैकी कित्येक जण दर शनिवारी खरेदीला जात असत. ८ मे रोजी समितीने विधेयक आठ विरुद्ध पाच मतांनी पुढे पाठवले. दुसऱ्याच दिवशी रात्री ते सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येण्याची मुदत संपली आणि विधेयक तिथेच गेले. पिस्तुलाच्या परवान्याशी त्याचा थेट संबंध नव्हता, तरी काम करण्याची पद्धत तीच: समितीच्या अध्यक्षांना पहिले पत्र फेब्रुवारीतच जायला हवे.

सही झाल्यानंतर

अधिवेशन चालू असताना गव्हर्नरांना निर्णयासाठी दहा दिवस आणि संपल्यानंतर वीस दिवस मिळतात. त्या मुदतीत त्यांनी सही केली नाही आणि नकारही दिला नाही, तरी विधेयक कायदा होते. लागू होण्याची तारीख विधेयकाच्या शेवटच्या कलमांत दिलेली असते आणि ती बहुतेक वेळा १ सप्टेंबर असते. जूनमध्ये सहीची बातमी वाचून जुलैत नव्या मुभेप्रमाणे वागणारा माणूस जुन्या कायद्याखाली गुन्हा करत असतो. शेवटच्या कलमांतच आणखी एक ओळ असते, की या तारखेआधीच्या कृत्याला आधीचाच कायदा लागू राहील, तीही वाचावी.

मग दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात समित्यांना अभ्यासाचे विषय नेमून दिले जातात आणि त्यांवर सुनावण्या होतात. तिथे गर्दी नसते, घड्याळ ढिले असते आणि आमदारांचे सहायक बोलायला मोकळे असतात. आमच्या मंडळाने शाळेच्या सभागृहाविषयीचे एक पानी टिपण अशाच काळात आमच्या प्रतिनिधीच्या जिल्हा कार्यालयात नेऊन दिले. त्या सहायकाने ते आमच्यासमोरच वाचले, कलमाचा क्रमांक पेन्सिलीने अधोरेखित केला, आणि पुढच्या नोव्हेंबरमध्ये आठवण करा असे सांगून आपले कार्ड दिले. ते कार्ड मी मंडळाच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबरच्या पानाला टाचणीने लावून ठेवले आहे.